माथेरानचं वाफेचं इंजिन, १:१९ : अचूकपणावर खर्च कुठे करायचा?

वाफाळ_सह्याद्री

नमस्कार मंडळी,

माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल करतोय. विजेवरचं नाही. आत पाणी, खाली गॅसचा बर्नर आणि खरी वाफ. प्रमाण १:१९ घेतलं, कारण माथेरानचा रूळ दोन फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, आणि या प्रमाणात तो नेमका ३२ मिलिमीटरवर येतो. ३२ चा रूळ तयार मिळतो, त्यामुळे रुंदीत तडजोड नाही.

तडजोडीचा प्रश्न आला तो चाकांपाशी. ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नेरळ-माथेरान लाइन १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून. साधारण २१ किलोमीटरचा रस्ता, चढ २० ला १, आणि वळणं इतकी आवळलेली की पुढच्या डब्यातला माणूस मागच्या डब्यातल्याला हाक मारू शकतो. सहा चाकांचं कडक बांधणीचं इंजिन अशा वळणात अडकतं. म्हणून बार्शी लाइट रेल्वे उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावर जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कंपनीने चार इंजिनं बांधली आणि पुढच्या-मागच्या चाकांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे ॲक्सल दिले.

म्हणजे एकात एक दोन ॲक्सल. आतला भरीव. तो फ्रेममधल्या बेअरिंगमध्ये सरळ फिरतो आणि बाहेरच्या टोकांना त्यावर क्रँक, म्हणजे रॉड जोडायचे आखूड हात, बसवलेले असतात. त्याच्यावरून पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीवर. आतल्या ॲक्सलच्या मधोमध एक गोळा आणि आडवी पिन. त्या गोळ्यावर नळी डावी-उजवी वळते, थोडी सरकतेही, आणि पिनमुळे आतल्या ॲक्सलसोबत फिरत राहते. चाकं वळणाप्रमाणे वळतात, क्रँक मात्र आपल्या जागी काटकोनात.

मी हे ड्रॉइंगवर उतरवलं आणि एका वर्कशॉपला दाखवलं. दोन ॲक्सलचे १४,५०० रुपये सांगितले. आत्तापर्यंत बॉयलरचं तांबं, सिलिंडरचं गनमेटल आणि चाकं मिळून माझा खर्च २२,००० च्या आसपास झालाय. दुसरा मार्ग साधा: सरळ ॲक्सल, दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर मोकळीक, मधल्या चाकांची फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरणारी कड, काढून टाकायची. मॉडेल वळेल. आणि फ्रेम चाकांच्या बाहेर असल्यामुळे कुणाला फरक दिसणारही नाही.

तर १४,५०० घालावेत का? तुम्ही काय केलं असतं?

कुर्डुवाडीकर

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, त्यामुळे छोट्या रुळांच्या गाड्यांवर माझा जीव आहे. सरळच लिहितो. तो ॲक्सल काढला तर जे उरेल ते माथेरानचं इंजिन नाही, माथेरानच्या इंजिनासारखं दिसणारं दुसरंच काहीतरी आहे. ते इंजिन जन्माला आलं तेच त्या वळणांसाठी. रंग एक वेळ चुकला तरी चालेल, बफर थोडा जाड झाला तरी चालेल. कणा बदलू नका.

दुसरं म्हणजे, आज ही इंजिनं त्या घाटात वाफेवर रोज धावत नाहीत. माझ्या मुलीनं डिझेलच पाहिलंय. पोकळ नळीच्या आत गोळा कसा काम करतो हे तिला हातात घेऊन पाहायचं असेल तर तुमचं मॉडेल ही एक जागा आहे. पैसे साठवा, सहा महिने थांबा, पण करा.

सई_लीड्स

वाफाळ, अभिनंदन. विषय माझ्या अगदी जवळचा आहे म्हणून थोडं लांबण लावते.

मी इथे इंग्लंडमध्ये ज्या क्लबात जाते तिथे हा वाद दर रविवारी होतो, आणि तो शंभर वर्षं जुना आहे. १९२२ च्या सुमारास 'मॉडेल इंजिनिअर' मासिकात तो पेटला होता. एका बाजूला मॉडेल विकणारी बॅसेट-लोक कंपनी आणि तिचे डिझायनर हेन्री ग्रीनली. दुसऱ्या बाजूला एलबीएससी या नावाने लिहिणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की लहान इंजिनालाही खरा कोळसा जाळणारा, नळ्यांचा बॉयलर दिला तर ते माणूस ओढू शकतं. त्यांच्या अडीच इंची रुळावरच्या 'आयेशा' इंजिनानं ते करून दाखवलं. पुढे आयुष्यभर त्यांनी घरच्या लेथवर होतील अशी डिझाइनं दिली. खऱ्या इंजिनाची हुबेहूब लहान प्रत काढली की ते चालतं, हे त्यांना मान्य नव्हतं. चालवायचं असेल तर काही भाग मुद्दाम वेगळ्या मापाचे करावे लागतात.

माझ्याकडे ॲक्युक्राफ्ट कंपनीचं रुबी नावाचं छोटं इंजिन आहे. चार चाकं, गॅसवर चालतं, आणि उलट दिशेला न्यायचं तर वाफेचे मार्गच अदलाबदल होतात. खऱ्या इंजिनात असं नसतं. पण गेली आठ वर्षं ते दर उन्हाळ्यात बिनतक्रार धावतंय. आमच्याच क्लबातल्या एका आजोबांकडे जपानच्या ॲस्टर कंपनीचं इंजिन आहे. त्याचा एकेक दांडा खऱ्यासारखा. त्याच्या किमतीत माझ्यासारखी कितीतरी रुबी येतील. आम्ही दोघं शेजारी-शेजारी गाडी चालवतो आणि दोघांचंही समाधान होतं.

एक उदाहरण देते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. वॉल्शार्ट व्हॉल्व्ह गिअरमध्ये, म्हणजे वाफेची झडप हलवणाऱ्या दांड्यांच्या जोडणीत, कॉम्बिनेशन लिव्हर नावाचा उभा दांडा असतो, क्रॉसहेडला (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) जोडलेला. झडपेला लॅप असतो, म्हणजे तिची कड पोर्टच्या (वाफ आत जाण्याच्या भोकाच्या) पुढे थोडी जास्त असते, म्हणून तो लागतो. तो लॅप भरून काढतो आणि वाफ थोडी आधी आत सोडतो. बऱ्याच छोट्या मॉडेलमध्ये झडपेला लॅपच ठेवत नाहीत. तिथे तो दांडा हलतो, सुंदर दिसतो आणि काम काहीच करत नाही. त्याला जोडणाऱ्या पिना इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक बसवल्यास काय फायदा? आणि त्याच इंजिनात झडपेचा सपाट पृष्ठभाग, जो कुणालाच दिसत नाही, काचेवर बारीक पेपर ठेवून घासला नाही तर वाफ सरळ धुराड्यातून निघून जाते.

म्हणून मी विचारेन: तुझ्या ॲक्सलचा नेमका कोणता भाग अचूक असावा लागतो?

अनुजा_के

सईताईंच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देते.

१:१९ मध्ये लांबी १९ पट कमी, क्षेत्रफळ ३६१ पट कमी, आणि आकारमान व वजन ६,८५९ पट कमी. यातून दोन अडचणी येतात. आतल्या पाण्या-वाफेच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग १९ पट जास्त, म्हणून छोटं सिलिंडर झपाट्याने थंड होतं आणि आत आलेल्या वाफेचं पाणी होतं. आणि फट. पिस्टनच्या कडेची जी फट मोठ्या इंजिनात चालून जाते, तिचा एकोणिसावा भाग हाताने करणं अशक्य. म्हणून मॉडेलमध्ये पिस्टनला रिंग, ओ-रिंग किंवा ग्रॅफाइटची दोरी लावून ती फट बुजवावी लागते. वाफ लवकर बंद करून प्रसरणावर काम करून घेण्यात मोठ्या इंजिनाची बचत होते. आपल्याकडे ती बचत थंड सिलिंडरच्या भिंतीच गिळतात. झडपेच्या वेळा अचूक साधायला केलेला खर्च इतक्या लहान प्रमाणात फारसा परत मिळत नाही. हवाबंदपणावर केलेला मिळतो.

कोल्हापुरी_टर्नर

वाफाळ दादा, मी उद्यमनगरात वीस वर्षं लेथवर उभा आहे. मॉडेल इंजिन कधी केलं नाही, पण १४,५०० का सांगितले ते तुमचं ड्रॉइंग न बघताच सांगतो. प्रत्येक मापाला अधिक-उणे ०.०१ लिहिलंय ना?

वाफाळ_सह्याद्री

हो. सगळीकडे. नळीच्या बाहेरच्या व्यासालाही.

कोल्हापुरी_टर्नर

तिथेच पैसे गेले. ०.०१ लिहिलं की आम्ही तो जॉब ग्राइंडिंगला पाठवतो, प्रत्येक नग मायक्रोमीटरने तपासतो, आणि एक जरी बाद झाला तर पुन्हा करतो. ते सगळं दरात धरलेलं असतं. गिऱ्हाइकाला एवढं कशाला लागतंय हे आम्ही विचारत नाही. कागदावर आहे तेच द्यायचं.

आता तुमचं इंजिन डोळ्यापुढे आणतो. आतला ॲक्सल फ्रेममध्ये फिरतो, त्यावर क्रँक. तीन ॲक्सलचे क्रँक एका रॉडने बांधलेले. इथे अडकायला जागा आहे. रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि फ्रेममधल्या बेअरिंगचं अंतर सारखं पाहिजे. ते ६० आलं की ६०.३, याने काही बिघडत नाही. दोन्हीकडे तेच आलं पाहिजे. क्रँकचा कोनही तसाच. एका बाजूचा दुसऱ्या बाजूला ९० अंशांत पाहिजे म्हणतात, पण ८९ आला तरी चालेल, तिन्ही ॲक्सलवर ८९ च पाहिजे. मापाला माप नको, जोडीला जोड पाहिजे.

हे फुकटात होतं. दोन्ही फ्रेम आणि रॉडच्या पट्ट्या एकत्र आवळा, तीन एमएमचं भोक एकाच वेळी सगळ्यांतून आरपार पाडा. मग प्रत्येक पट्टी सोडवून भोक आपल्या मापाला मोठं करा आणि भोक गुळगुळीत करणारा रीमर फिरवा. क्रँकसाठी एका ठोकळ्यात खाच करून जिग बनवा, तिन्ही ॲक्सल त्याच जिगमध्ये बसवून पिना ठोका. जिग चुकीचा असला तरी तिघांना एकसारखाच चुकवेल. आतल्या ॲक्सलला ग्राइंड केलेला तयार पाच एमएमचा सिल्व्हर स्टील रॉड घ्या. त्याची अचूकता कारखान्याने आधीच करून ठेवलीय, मीटरच्या भावात मिळते.

आणि नळी? ती कशालाच जोडलेली नाही. गोळ्यावर लटकते. तिथे ०.१ सैल असेल तर काय होईल?

सई_लीड्स

दादा, उत्तम लिहिलंत. हेच मला शब्दांत मांडता येत नव्हतं.

अनुजा_के

ते बरोबर आहे, मी आकृती काढून पाहिली. क्रँक आतल्या ॲक्सलवर आहेत, चाकं नळीवर. त्यामुळे पिन आणि खाचेत मोकळीक राहिली तरी रॉड अडकणार नाहीत. दिशा बदलताना चाक एक-दोन अंश उशिरा फिरेल आणि टक् असा आवाज येईल, एवढंच. ज्या भागाची सगळ्यात धास्ती घेतली होती तोच सगळ्यात सैल चालतो.

तांबट_आळी

मध्येच येतो, कारण बॉयलरबद्दल कुणी बोललं नाही आणि पैसे वाचवण्याच्या नादात लोक तिथेच चुकतात. माझं बालपण पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलं, तांब्याचा आवाज ऐकत. वाफाळ, तुमचा बॉयलर कितीच्या दाबावर? सांधे कशाने?

वाफाळ_सह्याद्री

४० पीएसआय (चौरस इंचाला ४० पौंड). पाव लिटरच्या आतला आहे. सांधे चांदीच्या डागाने (झाळायचा धातू), ५५ टक्के चांदी. तळाचे झाले. बुश, म्हणजे बॉयलरला झडपा आणि नळ्या जोडायच्या कड्या, पितळेचे आणलेत, अजून लावले नाहीत. डाग नीट पसरावा म्हणून लावायचा फ्लक्स म्हणून सोनाराकडून टाकणखार आणलाय.

तांबट_आळी

बरं झालं विचारलं. पितळेचे बुश लावू नका. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि आत तांब्याचा भुसभुशीत सांगाडा राहतो. बाहेरून बुश चकचकीत, आतून कुजलेला. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचे करा. चार बुशांचा फरक दोन-तीनशे रुपयांचा.

टाकणखारही इथे चालत नाही. ५५ टक्क्यांचा डाग ६३० ते ६६० अंशांत वितळतो, टाकणखार वितळायला ७४० लागतात. फ्लक्स पातळ होईपर्यंत डाग गोळा होऊन बसलेला असतो. सोनाराचा डाग जास्त तापमानाचा असतो म्हणून त्याला टाकणखार जमतो. तुम्हाला फ्लोराइडचा फ्लक्स पाहिजे, कमी तापमानाच्या चांदीच्या डागासाठी म्हणून मागा. आणि डाग कॅडमियम नसलेलाच घ्या, त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. टाकणखार लावून केलेले तळाचे सांधे पुन्हा तपासा. डाग सांध्यातून आरपार उतरून दुसऱ्या बाजूला बारीक रेघ दिसली पाहिजे.

कथलाचा साधा डाग बॉयलरच्या कुठल्याही सांध्याला लावू नका. ४० पीएसआयची वाफ साधारण १४१ अंशांची आणि कथील-शिशाचा डाग १८३ ला सुटतो, म्हणून लोकांना चालेल असं वाटतं. पाणी संपलं आणि बर्नर चालू राहिला की तांबं क्षणात त्याच्या वर जातं.

सई_लीड्स

आमच्या क्लबात नवा बॉयलर पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून, चालवायच्या दाबाच्या दुपटीवर तपासतात. म्हणजे तुझा ८० पीएसआयवर. पाणीच, हवा नाही. सांधा सुटला तर पाण्याचा थेंब येतो, हवेचा बॉम्ब होतो. ३ बार-लिटरच्या (दाब गुणिले आकारमान) आतल्या बॉयलरला इथे नियम सुटसुटीत आहेत आणि तुझा त्याच्या खूप आत आहे. पण चाचणी चुकवू नकोस.

वाफाळ_सह्याद्री

सर्वांचे मनापासून आभार. तळाचे सांधे आरशाने पाहिले. एका बाजूला आतली रेघ तुटक होती. नवा फ्लक्स लावून पुन्हा तापवला, आता पूर्ण गोल दिसतेय. पितळेचे बुश बाजूला ठेवले. ८० पीएसआयला हातपंपाने पाणी भरून अर्धा तास ठेवला, काटा हलला नाही.

ॲक्सलचं ड्रॉइंग पुन्हा काढलं. पूर्वी १७ मापं होती, सगळ्यांना ०.०१. आता फक्त दोन ठिकाणी अचूकता मागितली: नळीच्या टोकांवर चाकं बसतात तिथे, आणि नळीच्या मधल्या भोकाला जिथे गोळा सरकतो. बाकी सगळीकडे अधिक-उणे ०.२. गोळा ९ एमएमचा फॉस्फर ब्राँझचा, त्यातून पाच एमएमचा ॲक्सल आणि दोन एमएमची आडवी पिन. नळीत पिनेसाठी पाच एमएम लांब खाच. यात चाकं साधारण सहा अंश वळतात आणि दीड एमएम सरकतात. त्याच वर्कशॉपने हे ३,६०० ला केलं. कोल्हापुरी दादा, १०,९०० रुपये तुमच्या एका प्रश्नाने वाचले.

फ्रेम आणि रॉड तुम्ही सांगितलं तसे एकत्र आवळून भोकं पाडली. सायकलच्या पंपाने सिलिंडरला हवा दिली आणि ८ पीएसआयला चाकं फिरू लागली, कुठेही अडखळ नाही. दिशा बदलली की टक् आवाज येतो, अनुजाने लिहिलं होतं अगदी तसाच.

पण एक नवी अडचण आली. इंजिन रुळावर ठेवलं की एका बाजूला कलतं. हाताने सरळ केलं तर दुसऱ्या बाजूला कलतं. बॉयलर चढवल्यावर तर जास्तच.

अनुजा_के

हे व्हायलाच हवं होतं, माझ्या आधी लक्षात यायला पाहिजे होतं. पुढचं आणि मागचं वजन नळीच्या मधोमध असलेल्या गोळ्यावर येतंय. म्हणजे इंजिन पुढे एका बिंदूवर आणि मागे एका बिंदूवर टेकलंय. आडवा तोल सांभाळतो तो फक्त मधला ॲक्सल, कारण त्याची चाकं त्याच्यावर पक्की आहेत. त्याच्यावर पुरेसं वजन येत नसेल तर इंजिन डोलणार. तिन्ही ॲक्सलची बेअरिंग फ्रेममध्ये पक्की आहेत का?

वाफाळ_सह्याद्री

हो, तिन्ही पक्की.

अनुजा_के

मग मधला पक्का ठेव आणि टोकाच्या दोन्ही ॲक्सलच्या बेअरिंगना उभी खाच करून वर मऊ स्प्रिंग दे. अर्धा एमएम हालचाल पुरे. मधल्यावर निम्म्याहून जास्त वजन येईल इतपत स्प्रिंग मऊ हवी. रॉडला मधल्या क्रँकपाशी सांधा लागेल, नाहीतर टोकं वर-खाली होताना रॉड ताणला जाईल.

आणि तू साध्या मार्गाने मधल्या चाकांची फ्लँज काढणार होतास ना? आता ती काढू नकोस. क्लीन-लिंडनरमध्ये मधली चाकंच इंजिनाला रुळावर सरळ धरतात.

कुर्डुवाडीकर

दोन रॉड, मधे सांधा. खऱ्या सहाचाकी इंजिनांतही रॉड असाच सांध्याचा असतो. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आज इथे कळलं.

कोल्हापुरी_टर्नर

स्प्रिंगसाठी बॉलपेनमधली चालेल का बघा, तिचे तीन-चार वेढे कापून. जड वाटली तर ०.३ एमएमची पियानो वायर पाच एमएमच्या रॉडवर गुंडाळा. मोजत बसू नका. दोन्ही बाजूंना वेढे सारखे ठेवा.

वाफाळ_सह्याद्री

तीन आठवड्यांनी येतोय. बॉलपेनची स्प्रिंग कडक निघाली, पियानो वायरची बसली. रॉड मधे तोडून सांधा दिला. आता इंजिन सरळ उभं राहतं. बोटाने एका बाजूला दाबलं तर टोकाची चाकं जागेवर राहतात आणि वजन सोडलं की फ्रेम परत येते.

काल गच्चीवर ६० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ मांडून वाफेवर चालवलं. २२ पीएसआयला सुटलं. वळणात शिरताना पुढची चाकं आधी वळली, मग मधे क्षणभर सगळं सरळ, मग मागची वळली. आरसा खाली धरून मी ते चार वेळा पाहिलं. आईनेही पाहिलं. लहानपणी ती या गाडीने माथेरानला गेली होती. तिला चाकांपेक्षा वास ओळखीचा वाटला, गरम तेलाचा.

आता फळीला २० ला १ चा चढ देऊन पाहायचंय. सईताई, वाफेसोबत सिलिंडरला तेल पाठवणाऱ्या लुब्रिकेटरमधून तेल फार जातंय, धुराड्यातून थेंब उडतात. तेल ४६० ग्रेडचंच आहे. छिद्र किती ठेवतेस?

सई_लीड्स

मी अर्धा एमएमचं ड्रिल वापरलं आणि तेही जास्त झालं. नंतर छिद्रात तांब्याची बारीक तार सरकवली, तेव्हा बेताचं झालं. चालवून झालं की लुब्रिकेटर उघडून आत किती पाणी जमलंय ते बघ, जेवढं पाणी तेवढं तेल गेलं. चढाचा व्हिडिओ टाक, आमच्या रविवारच्या आजोबांना दाखवायचाय.